उजव्या टाचेचा ठसा

अंजनगाव सुर्जी
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

ति. चंदाआत्यास, श्यामचा सा. न. वि. वि.

पानांच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली कागद सापडला म्हणून दचकू नको. कोणी गेलं नाही, कोणी आजारीही नाही. मीच लिहून राहिलो. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हटलं तर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि मेसेज केला तर तुझी लेक प्रतीक्षा तो अख्ख्या गल्लीला वाचून दाखवते. शिवाय माझा फोन मी जुलैतच दवाखान्याच्या भिंतीवर मारला. भिंतीला काही झालं नाही. आपल्या मळ्यातली विड्याची पानं आठवड्यातून तीनदा अकोटवरून जाणाऱ्या बसने अकोल्याला तुझ्या दुकानावर येतात, त्यांच्यासोबत माझी चिठ्ठी येईल. उत्तर रिकाम्या टोपलीत टाकत जा.

आता पायाचं. कुबड्या सुटल्या. नडगीत सळई आहे, ती राहणार. हाड जुळलं, पण मधे चुरा झाला होता म्हणून उजवा पाय सव्वा सेंटिमीटर आखूड झाला. तू म्हणशील, बोटाच्या नखाएवढं तर आहे. पण मैदानाच्या एका फेरीत उजवा पाय शंभर-सव्वाशे वेळा टेकतो. तेवढ्या वेळा मी नखाएवढ्या खड्ड्यात पडणार. अमरावतीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवतात त्या आचल मॅडमनी उजव्या बुटात रबराची टाच बसवून दिली आहे. ती घातली की मी सरळ चालतो. बूट सतत घालतोस ना, असं त्या दर वेळी विचारतात. मी सांगितलं, देवघर आणि अंथरूण सोडून सगळीकडे.

डॉक्टरांनी तारीख दिली आहे. वीस जानेवारी. त्या दिवशी मला अनवाणी आणि बुटावर, दोन्हीनं चालवून पाहणार. लंगडणं गेलेलं असलं तर पळायला सुरुवात, नाहीतर पळणं डोक्यातून काढून टाक म्हणाले. टोपी काढ म्हटल्यासारखं म्हणाले. आत्या, बारावीनंतर मी दुसरं काही केलेलंच नाही. कॉलेज पळण्यासाठी धरलं आणि पळण्यासाठीच सोडलं. पळणं गेलं तर माझ्याजवळ उरतं काय, एक फुटका फोन.

तुला एक सांगतो, घरात कोणाला माहीत नाही. कॉलेजच्या खेळाच्या सरांनी मला संघातून काढलं म्हणून मी त्यांच्या टेबलावर ओळखपत्र फेकून आलो, हे तुला कळलंच होतं. त्यावरून अकरा जूनला पहाटे बाबांशी वाजलं. ते म्हणाले, ज्याले सुरू केलेलं संपवता येत नाही तो पळून कुठी जाईन? मी तसाच बाहेर पडलो आणि दर्यापूर रस्त्यावर रागात पळत सुटलो, चुकीच्या बाजूनं. दुधाच्या कॅनवाली मोटरसायकल आली. त्या माणसाची काही चूक नव्हती. सगळे त्याला शिव्या देतात तेव्हा मी मान खाली घालतो.

बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. कुबडी सुटली त्या दिवशी आईकडून निरोप आला, रिकामा बसू नको, मळ्यात ये, ओल्या मातीत पाय राहिला की हाड भरते. तेव्हापासून रोज सकाळ ते दुपार अंगठ्याला पत्र्याची नखी लावून पानं खुडतो. बाप एका सरीत, मुलगा दुसऱ्या सरीत, मधे पानवेलीची भिंत.

ता. क. दुर्गाबाईंची वर्षाली अजून तुझ्या शेजारी हारांच्या दुकानावर बसते का? सहज विचारलं.

लोभ आहेच, पानांसारखा ओल्या फडक्यात ठेव, सुकू देऊ नको.

तुझा
श्याम

•

जुने शहर, अकोला
५ नोव्हेंबर २०२४

चि. श्यामास चंदाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुही चिठ्ठी पोचली. पहिलं पान ओलं झालं होतं, चुलीजवळ वाळवून वाचलं. काहून रे पोट्ट्या, तीन पानं पायाची आणि ता. क. मधे खरी गोष्ट? सहज विचारलं म्हणे. सहज विचारणाऱ्याचं अक्षर असं एकदम सुधरत नाही.

बसते ती. सकाळी मैदानावर पळून येते, मग आईसंगं शेवंतीचे हार ओवते. पोलीस भरतीची तयारी चालू आहे तिची. दिवाळीत फुलं इतकी खपली की दोघी मायलेकीईचे हात पिवळे झाले होते. मले एकदाच विचारलं, तुमचा श्याम पळते का आता? म्या म्हटलं, चालते. ती म्हणाली, चालते तर बरं आहे, आणि सुईत दोरा ओवत बसली. चार वेळा चुकला दोरा. बस, याहून जास्त मी काही सांगणार नाही. मी तुही आत्या आहो, पोस्टमन नाही.

मोटरसायकलचं तू मले सांगतलं, चांगलं केलं. आता ते किसनदादालेही सांग. तू समजते तसा तो रागात नाही. आमी लहान असताना एका सालात मळ्याची अर्धी वेल जळाली, तवा दादा अकरा दिवस कोणाशी बोलला नाही. आमाले वाटलं रागावला. तो भेला होता. त्याले भेव वाटलं की त्याचं तोंड बंद होते. बाकीच्याईचं उघडते, तुह्यासारखं.

पाय ठणकते का ते तू लिहिलं नाही. सरळ चालतो लिहिलं, पण ठणकते का? मले खरं लिहित जा. माहे कान गेले, डोळे शाबूत आहेत.

आईले सांभाळ, रागाले आवर, आमच्यावर जीव राहू दे.

तुही
चंदाआत्या

•

अंजनगाव सुर्जी
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ति. आत्यास, सा. न. वि. वि.

चार वेळा चुकला? नक्की चार? तू मोजत होतीस का आत्या?

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. ठणकतो. पण त्याची तऱ्हा मला कळून नाही राहिली. सकाळी उठतो तेव्हा बरा असतो. दुपारी मळ्यातून येतो तेव्हा कमरेपासून उजवीकडे ओढ लागते आणि संध्याकाळी मी आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जाईबाईसारखा चालतो. परवा तर जाईबाई मला मागे टाकून पुढे गेली आणि वळून म्हणाली, ये बापा हळूहळू, घाई नाही.

गंमत म्हणजे अमरावतीला जातो त्या दिवशी काहीच होत नाही. बसमधून उतरून दवाखान्यापर्यंत चालत जातो, मॅडमसमोर चालून दाखवतो, रेघ मारल्यासारखी चाल. त्या खूश, मी खूश. घरी आलो, मळ्यात गेलो की पुन्हा तेच. आई म्हणते कोणाची तरी नजर लागते. मला वाटतं हाड आतून सुटून राहिलं. डोळे मिटले की ती सळई दिसते. शिंक आली तरी आधी पाय धरतो.

मॅडमना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर कागदावर लिहितील. एकदा लंगडतो असं कागदावर आलं की वीस तारखेला डॉक्टर तो कागद वाचतील, माझा पाय पाहणारच नाहीत. दोन महिने आहेत. तोवर मी याला वठणीवर आणतो. रोज दोनशे वेळा टाचा उचलतो, बाजेला धरून.

आता रागावू नको. धम्मदीपच्या फोनवरून वर्षालीशी बोललो. धम्मदीप म्हणजे आमच्या बॅचचा गोळाफेकवाला, तू त्याला पाहिलंस, दारातून आडवा येतो तो. तिनं विचारलं, कसा आहेस. मी म्हटलं, रोज दोन किलोमीटर पळतो. तोंडातून निघून गेलं. ती इतकी हसली आत्या, फोनमधून ऊन आल्यासारखं वाटलं. मग मीच म्हटलं, बारा जानेवारीला रविवार आहे, अकोल्याला येतो, तुझ्यासोबत मैदानाच्या चार फेऱ्या मारतो. ती म्हणाली, ये.

आता पन्नास दिवस उरले. सव्वा सेंटिमीटर मात्र तेवढंच आहे.

बाबा विचित्र वागून राहिले. मी सरीतून पुढे गेलो की मागून येतात आणि खाली मातीकडे पाहत उभे राहतात. बोलत नाहीत. मी काय पेरून गेलो कोण जाणे.

रागाव, पण लोभ काढून घेऊ नको.

तुझा
श्याम

•

जुने शहर, अकोला
२ डिसेंबर २०२४

चि. श्यामास अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन किलोमीटर! अरे, जाईबाईच्या मागं राहणारा माणूस दोन किलोमीटर सांगते! तुह्या आजोबाच्या मळ्यातली पानंही इतकी फुगवून कोणी विकली नसतीन.

ती पोट्टी इकडे मले दुसऱ्याच दिवशी सांगत आली. हातवारे करून सांगतलं, मले नीट ऐकू यावं म्हणून. हसत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकली नाही, पानावर पाणी शिंपत बसली. तुह्या खोट्याचं पाणी माह्या पानावर पडलं, ध्यानात ठेव.

आता नीट वाच. मले वर्षालीची काळजी नाही, ती खंबीर आहे. मले बारा तारखेची काळजी आहे. तू हट्टी आहे. तू पळशीन. आणि आत ते लोखंड आहे. मॅडमले खरं सांग. संध्याकाळी लंगडतो हे ज्याले सांगायचं त्याले सोडून तू मले सांगतो. मी पानं विकते, हाडं नाही.

आणि दादा मातीकडे पाहते म्हणून तू काहून चिडतो? त्याची माती आहे.

जिवाले जप. बाकी सगळं जपणारे आमी आहो.

तुही
आत्या

•

अंजनगाव सुर्जी
रविवार, २२ डिसेंबर २०२४

ति. आत्यास, सा. न. वि. वि.

तू म्हणतेस बाबा भ्याले आहेत. ऐक मग.

काल मी नेहमीपेक्षा उशिरा मळ्यातून निघालो. दारातून वळून पाहिलं तर बाबा सरीत उकिडवे बसलेले, हातात शेवरीची काडी. माझ्या पावलांच्या ठशांवर ती काडी आडवी-उभी फिरवली आणि मग तळहातानं ठसा पुसला. पुढचा पुसला. त्याच्या पुढचा. बाकी कोणाचे नाही. आईचे होते, मजूर बायांचे होते, ते सगळे तसेच ठेवले. फक्त माझे.

मला कळायचं ते कळलं. पानमळा म्हणजे देवाचं घर, तिथं लंगड्याचं पाऊल राहू द्यायचं नाही. शेजारच्या मळ्याचे रामरावकाका मागे बोललेच होते, वेलीले अपशकून लवकर लागते म्हणून. तेव्हा बाबा गप्प बसले होते. आता समजलं का गप्प बसले.

मी परत आत गेलो. त्यांच्या हातातली काडी घेतली आणि मोडली. म्हटलं, माझं पाऊल नको तर मला बोलवलं कशाला, मजूर मिळत नव्हते का? आणखीही बोललो, ते लिहीत नाही. बाबा उठले, मोडक्या काडीचे दोन्ही तुकडे उचलले, खिशात ठेवले आणि घरी गेले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आज मळ्यात गेलो नाही. दिवसभर बाजेवर पडून आहे. आणि आत्या, आज पाय ठणकला नाही. म्हणजे पायालाही तो मळा नको आहे.

बारा तारखेला मी येतो. वीस तारखेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. डॉक्टर कागद पाहणार, बाबा ठसे पुसणार, मीच एकटा उरलो ज्याला हा पाय पळवून पाहायचा आहे. पळाला तर पळाला.

लोभ असला तर मला अडवू नको.

श्याम

•

जुने शहर, अकोला
३० डिसेंबर २०२४

चि. श्यामास अनेक आशीर्वाद.

तुही चिठ्ठी वाचून मी दुकान लवकर उघडलं नाही. दुर्गाबाई विचारत आली, तब्येत बरी नाही का.

तू दादाले जे बोलला ते बोलून झालं, आता ते परत तोंडात जात नाही. पण बारा तारीख अजून तुह्या हातात आहे. येऊ नको. आठ दिवसानं वीस तारीख आहे. आठ दिवस काय असते रे? पानं सुद्धा टोपलीत आठ दिवस टिकते.

दादा नाताळाच्या दिवशी अकोल्याले येऊन गेला. तुले सांगतलं नसीन. काहून आला, कुठी गेला, मले सगळं माहीत आहे आणि सांगायची मनाई आहे. गळ्याची शपथ घातली आहे त्यानं, स्वतःच्या. मी एकच भाऊ घेऊन जन्मली, म्हणून गप्प आहो. तू फक्त येऊ नको.

एक विचारते, त्याचं उत्तर मात्र धाड. तुह्या बुटाचा नंबर काय? प्रतीक्षाच्या नवऱ्याले विचारायचं आहे, असंच.

तुह्या आईचं मन आणि माही झोप, दोन्ही सांभाळ.

आत्या

•

जुने शहर, अकोला
रविवार, १२ जानेवारी २०२५

ति. सौ. आईस, श्यामचा सा. न. वि. वि.

आत्याच्या घरी आहे, जेवलो आहे. फोन केला तर तू रडशील आणि मी ओरडेन, म्हणून लिहितो. ही चिठ्ठी रिकाम्या टोपल्यांसोबत उद्याच पोचेल. न सांगता पहाटे निघालो, ते चुकलं.

पळालो. सगळं सांगतो, कारण आता लपवायला काही उरलं नाही.

पहिली फेरी बरी गेली. वर्षाली माझ्या वेगानं पळत होती, म्हणजे तिच्या अर्ध्या वेगानं. मी म्हटलं जोरात पळ. ती म्हणाली, दम राखून ठेव, बोलू नको. दुसऱ्या फेरीत वळणावर कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी थांबलो नाही. मग पाय माझं ऐकेनासा झाला, बाजूला पडायला लागला. मैदानावर भरतीची पोरं होती, पन्नास तरी. एक जण म्हणाला, भाऊले धरा. ते ऐकून मी आणखी चार पावलं पळालो आणि बसलो. पडलो नाही आई, बसलो.

वर्षालीनं विचारलं, रोज दोन किलोमीटर? मी मान हलवली, नाही. तिनं मग किती असं विचारलं. एक पाऊलही नाही, म्हटलं. ती रागानं काही बोलेल असं वाटलं. तिनं माझा बूट काढला, घोटा चाचपला, भरतीच्या पोरांना हाकललं आणि रिक्षा आणली. रिक्षात बसवताना मात्र म्हणाली, लंगडत आला असता तरी मी इथंच उभी असती, खोटं बोलत कशाला आला? आणि आपल्या पायानं निघून गेली. रिक्षा मोर्णा नदीच्या पुलावर येईपर्यंत मी तिच्याकडे वळून पाहत होतो, ती वळली नाही.

इथल्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड जागच्या जागी आहे, सळई पण. सूज स्नायूची आहे. एवढं ऐकून आत्या दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

आता वीस तारखेला जाऊन काय करू? डॉक्टर काय म्हणणार ते मला मैदानानंच सांगितलं. बाबांना सांग, पावलं पुसायचं काम संपलं. मी इथंच आत्याच्या दुकानावर बसेन.

मला माफ करशीलच, म्हणून मागत नाही.

तुझा
श्याम

•

अंजनगाव सुर्जी
संक्रांत, १४ जानेवारी २०२५

चि. श्याम यास किसनरावचा आशीर्वाद.

मले पत्राची सवय नाही. शेवटचं पत्र तुह्या आईले लिहिलं होतं, लग्नाच्या आधी. तेही तिच्या बापानं वाचलं. तवापासून सोडून दिलं.

आईनं तुही चिठ्ठी वाचून दाखवली. पावलं मी पुसत होतो हे खरं. पण पुसण्याच्या आधी मोजत होतो.

ओल्या सरीत कोण चाललं ते मले लहानपणापासून वाचता येते. तुह्या आईचं पाऊल बाहेरून दबते. मजूर बाया पहिल्या बोटावर जोर देते. तुह्या उजव्या पायाची टाच पहिल्या सरीत अर्धी उमटे, पाचव्या सरीत बोटाएवढी, आणि दुपारपर्यंत टाच नाहीच, नुसती बोटं. तू चवड्यावर चालत होता दिवसभर. रोज किती कमी होते ते काडीवर खूण करून ठेवत होतो. आजच्यात कालचं मिसळू नये म्हणून पुसत होतो. काडी तू मोडली, म्हणून दुसऱ्या दिवशी तुकडे जोडून त्याच खुणा दोऱ्यावर घेतल्या. दोरा मोडत नाही.

दोऱ्याले गाठी मारल्या आणि अमरावतीले गेलो, आचल मॅडमकडे. तिले म्हटलं, पोट्टा सांगत नाही, हा दोरा पाहा. तिनं पाहिला. मग विचारलं, काका, हा ओल्या मातीतला ठसा आहे, मग याचे बूट कुठी असते? म्या म्हटलं, मळ्याच्या दाराबाहेर. किती वेळ? म्या म्हटलं, सहा तास. तिनं गाठी पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, आखूड पायावर सहा तास अनवाणी! हे आधी काहून नाही सांगतलं?

मी काय सांगू? देवळात चप्पल काढतो हे कोणी डॉक्टरले सांगते का?

मळ्यात ये, हे मीच म्हटलं. ओल्या मातीत हाड भरते, हे मले माह्या बापानं सांगतलं होतं. त्याचा पाय आखूड नव्हता.

चंदाले घेऊन अकोल्याच्या एका बूटवाल्याकडे गेलो. कापड आणि रबर, चामड्याचा तुकडा नाही. उजव्या बुटात मॅडमनं सांगतली तेवढी टाच. तयार होऊन आठ दिवस झाले. त्याच वेळी तुले द्यायचे होते. पण या मळ्यात माह्या आजोबापासून कोणी पायात काही घालून आलं नाही. मी रोज बूट घेऊन दारापर्यंत जाई आणि परत येई. इतके दिवस मी दारात थांबलो, म्हणून तू रविवारी मैदानात बसला. ते तुह्या खात्यात नाही, माह्या खात्यात.

रामराव म्हणते वेल जळीन. जळली तर नवं बेणं मिळते.

काल नारळ फोडला. बूट दाराच्या आतल्या खुंटीवर टांगले आहेत. ते बाहेर रस्त्यावर न्यायचे नाही आणि रस्त्यावरचे आत आणायचे नाही. आत ते आणि बाहेर तुहे.

अकरा जूनले मी जे बोललो ते मले रोज ऐकू येते. दूधवाल्याले शिव्या देणं मी जुलैतच बंद केलं होतं, तुले समजलं नसीन.

वीस तारखेले मी संगं येतो. येताना रिकाम्या टोपल्या घेऊन ये, चंदाकडे सहा राहिल्या आहेत.

किसनराव

•

अंजनगाव सुर्जी
रविवार, १६ मार्च २०२५

ति. चंदाआत्यास, श्यामचा सा. न. वि. वि.

सहा नाही, सात टोपल्या निघाल्या होत्या. बाबांची मोजणी चुकते हे पाहून बरं वाटलं.

पायाची बातमी आधी, नाहीतर तू पानं उलटून शोधत बसशील. वीस जानेवारीला डॉक्टरांनी अनवाणी चालायला सांगितलं तेव्हा मी लंगडलो. लपवलं नाही. बाबांनी खिशातून दोरा काढून टेबलावर ठेवला आणि आचल मॅडमनी गाठी समजावून सांगितल्या. डॉक्टर म्हणाले, मग अजून याची खरी परीक्षा झालीच कुठं? आठ आठवडे वाढवून दिले. ते आता संपत आले. काल दवाखान्यामागच्या मैदानावर मॅडमनी मला दोन मिनिटं पळ, दोन मिनिटं चाल, असं पाच वेळा करायला लावलं. आठ आठवडे वाट पाहून एकूण दहा मिनिटं. आत्या, मी आयुष्यात इतका हळू पळालो नव्हतो. पाचव्या वेळेला कळ येईल म्हणून दात आवळून होतो. आली नाही. तरी भीती गेली असं म्हणत नाही. रोज सकाळी पाय टेकवण्याआधी एक क्षण थांबतोच. मॅडम म्हणतात, पूर्वीचा वेग येईल की नाही ते वर्षभर विचारायचं नाही. मी परवापर्यंत विचारलं नाही. काल विचारलं. त्यांनी पुढच्या तारखेचा कागद हातात दिला.

वर्षालीला पत्र लिहिलं होतं, तुझ्याच टोपलीतून, तुला न सांगता. तू पाहिलं नाहीस असं म्हणू नको, पिशवीची गाठ तुझी होती. त्यात फक्त खरं लिहिलं, म्हणून दोनच ओळी झाल्या. तिचं उत्तर परवा आलं, एकाच ओळीचं. भरतीच्या मैदानी चाचणीला ये, माझी पाण्याची बाटली धरायला माणूस पाहिजे, चालत आलास तरी चालेल. मी जाणार आहे. चालत.

आता मळ्याचं. बूट घालून पहिल्या दिवशी आत पाऊल टाकताना घाम फुटला होता. आई तर डोळे मिटून उभी होती. बाबा पुढे चालत होते, मागे पाहिलंही नाही. आता सवय झाली. सगळ्या सरींमधून रबराच्या नक्षीचे ठसे उमटतात, उजवे-डावे सारखे, टाचेसकट. बाबा ते पुसत नाहीत.

काल संध्याकाळी अमरावतीहून आल्यावर तसाच मळ्याकडे गेलो. दारात बूट बदलत होतो, तर आतून रामरावकाकांचा आवाज आला. ते पाणी पाहायला आले होते. चढ्या आवाजात विचारत होते, किसन, देवाच्या जागेत हे खूर कोणाचे रे? मी एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. वाटलं, आता बाबा गप्प बसतील, मागच्यासारखे.

बाबा वेल बांधत होते. मान वर न करता म्हणाले, माह्या पोट्ट्याचे आहेत. बाजूनं चाल, ठसे मोडशीन.

लोभ आहे तसाच असू दे. आमच्याकडचा वाढला आहे.

तुझा
श्याम